शेवटची गाडी आत येईपर्यंत

प्रिय टवाना,

आधी बातमी, मग शिव्या. माझं लायसन्स परत मिळालं! सोमवारपासून मी पुन्हा रीतसर ड्रायव्हर आहे. ज्येष्ठांच्या केंद्राची गाडी चालवते, टूसॉनभर म्हाताऱ्या-कोताऱ्यांना दवाखान्यात नेते-आणते. पहिल्याच दिवशी एक आजोबा म्हणाले, "पोरी, हळू घे, मला वर जायची घाई नाहीये." इराकमध्ये ताफ्याच्या शेवटच्या ट्रकमधून तूही रेडिओवर हेच ओरडायचीस, आणि पहिल्या ट्रकमध्ये मी हसत सुटायचे. फक्त तुझ्या तोंडी शिव्या जास्त असायच्या.

माझं घोडं कुठे अडलं होतं ते तुला ठाऊकच आहे. मी घरी आले, पण माझे हात तिकडचेच राहिले. रस्त्याकडेला कचऱ्याची काळी पिशवी दिसली की माझी गाडी आपोआप रस्त्याच्या मधोमध. तिकडे असल्या पिशव्यांत बॉम्ब असायचे, इकडे केळ्याची सालं. ज्या सवयीनं तिथे जीव वाचला, तिच्याचसाठी इथे पोलीस विचारायचे, "बाई, किती ढोसलीय?" दंड भरायला पैसे नव्हते. कोर्टाचं बोलावणं गेलं मी कधीच सोडलेल्या खोलीवर. मी हजर झाले नाही म्हणून वॉरंट निघालं. मग लायसन्स गेलं, आणि ड्रायव्हरचं लायसन्स गेल्यावर नोकरी कसली राहतेय! शेवटी गाडीत झोपू लागले, तर झोपल्याचाही दंड. पोलिसाची टोपी दिसली की मी गल्ली बदलायचे. बागेतल्या बाकावर झोपलीस म्हणून तुझ्यावर वॉरंट निघालं आणि तू एल पासोला पळालीस, तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही गं.

तर या वर्षी मैदानावर माजी सैनिकांचा मेळावा होता. केस कापून देतात, दात तपासतात, जेवू घालतात. खरं सांगते, मी मक्याच्या गरमागरम तमालेंच्या वासानं आत शिरले. कोपऱ्यातल्या मांडवात वकील बसले होते. माझ्या वाट्याला आला ऑस्ट्रॉव्स्की, सत्तरीतला जुना मरीन, आवाज म्हणजे फुटका भोंगा. म्हणाला, "आर्मीवाली ना? मग आण ते कागद, मी वाचतो. तुम्हा लोकांना कुठे अक्षरओळख?" मी म्हटलं, "मरीनला वाचता येतं? देवाची करणी!" मेला खदाखदा हसला. मग हळूच म्हणाला, "कोर्ट इथेच भरतं, या मांडवात. आणि इथे आलेल्याला बेड्या पडत नाहीत, न्यायाधीशबाईंचा तसा शब्द आहे. आता सांग, तू रस्त्याच्या मधोमध का चालवायचीस?" टवाना, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी तिथेच भोकाड पसरलं. त्या बिचाऱ्यानं पाण्याची बाटली पुढे केली.

दुपारी न्यायाधीशबाई आल्या. घडीचं टेबल, अंगात काळा झगा, आणि आपल्याकडचं ऊन! नुसत्या निथळत होत्या. ऑस्ट्रॉव्स्कीनं सगळं सांगितलं, मी युद्धाच्या धसक्यावरच्या उपचारांच्या बैठकांना न चुकता जाते तेही सांगितलं. मी सावधानमध्ये उभी राहिले. बाईंनी विचारलं, "आता पिशवी दिसली तर काय करता?" मी म्हटलं, "मनातल्या मनात शिवी हासडते, बाईसाहेब, पण लेन सोडत नाही." सगळा मांडव फुटला हसून. बाईही हसल्या. आणि मग म्हणाल्या की उपचारांच्या बैठकांना गेलात तीच तुमची शिक्षा भोगून झाली. वॉरंट रद्द, दंड माफ, लायसन्सवरची बंदी उठली! टेबलामागून उठून येऊन त्यांनी माझा हात हातात घेतला. अख्खा मांडव उभा राहून टाळ्या पिटत होता, अगं, माझ्यासाठी! ऑस्ट्रॉव्स्की नाक शिंकरत म्हणाला, "धूळ फार आहे इथे." मला इतका आनंद झाला होता की त्या म्हाताऱ्याच्या टकलाची मी पापी घेतली.

आता शिव्या. दोन वर्षं फोन नाही, पत्ता नाही, गाढवे! चर्चच्या आसऱ्याला राहतेस हे तुझ्या आईच्या पाया पडून काढून घेतलंय, तिच्यावर चिडू नकोस. तुझं वॉरंटही याच गावचं, याच कोर्टाचं. मांडवातल्या कोर्टाच्या पुढच्या तारखेला तुझं नाव घालून घेतलंय. ऑस्ट्रॉव्स्की म्हणाला, "आण त्या पळपुटीला, बघतो." शनिवारी सकाळी भावजींचा पिकअप घेऊन मी येतेय. पुन्हा पळालीस तर याद राख. आपला ताफ्याचा नेम आठव. पहिला ट्रक तळाच्या फाटकातून आत आला तरी त्यानं इंजिन बंद करायचं नाही, शेवटचा आत येईपर्यंत. उन्हात घामाघूम होऊन मी तुझ्यासाठी थांबायचे आणि तू डुलत डुलत यायचीस. मी आत पोचलेय, टवाना. तू अजून बाहेर आहेस. इंजिन मी बंद केलेलं नाही.

फाटकाशी वाट बघणारी, तुझीच,
मारिसेला