शोकेसमधली रेड वाइन

बाबा,

माझ्या घरी आता वाइनसाठी वेगळा छोटा फ्रिज आहे. रेड वाइनच्या बाटल्या त्यात आडव्या असतात, बूच ओलं राहावं म्हणून. वाढायच्या थोडं आधी बाहेर काढतो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा हे ऐकून घेण्यावाचून तुम्हाला गत्यंतर नाही. जिवंतपणी कुठे ऐकलंत?

हॉटेलातल्या पहिल्या पगारातून मी ती बाटली आणली होती. सुपारीच्या खांडापलीकडे व्यसन नसलेल्या माणसाला वाइन द्यायची, हा गाढवपणा माझाच. तुम्ही बाटलीकडे पाहून म्हणालात, "लोकाले दारू वाढाले शिकवलं का गा तुले?" आणि आपल्या प्रताप नगरात शेजारीपाजारी सगळ्यांना मात्र मी मॅनेजर असल्याचं सांगितलंत. बाटली गेली शोकेसमध्ये, माझी शाळेतली शील्ड आणि प्लॅस्टिकचे गुलाब यांच्या मधोमध, पश्चिमेच्या खिडकीसमोर. मे महिन्यात त्या काचेला हात लावला तर चटका बसायचा. मी म्हटलं, आडवी ठेवा, आतल्या खोलीत ठेवा. तुम्ही दर रविवारी तिच्यावरची धूळ पुसत म्हणायचात, "आडवी ठेवली त लेबल कोनाले दिसंन? जुनी झाली का अजून चांगली होते, मले काहून शिकवून राहिला?" तिने पाच उन्हाळे उभ्याने काढले. तुमची माया अशीच, लोकांना दिसेल अशा जागी, उन्हात.

मग तुमचे जुने साहेब बायकोला घेऊन जेवायला आले. आईने सावजी मटण केलं होतं. तुम्ही शोकेस उघडलीत, बाटली माझ्या हातात दिलीत आणि साहेबांकडे बघून हसत म्हणालात, "वाढ गा. तेच त करतं तू हॉटेलात." साहेब हसले, त्यांची बायको हसली. पाच वर्षं मॅनेजर म्हणून मिरवलेल्या मुलाला तुम्ही एका वाक्यात वेटर केलंत, तेही साहेबांना हसवायला.

मी बुचावरचं वेष्टण काढलं. बूच उष्णतेने वर सरकलं होतं, बाटलीच्या गळ्याशी चिकट लाल ओघळ वाळला होता. बूच काढून नाकाशी नेलं आणि मला कळलं. आईच्या लोणच्याच्या बरणीलाही इतका आंबूस वास येत नसे. आमच्या धंद्यात रीत आहे, पहिला घोट यजमानाला द्यायचा, त्याने मान हलवली की मग पाहुण्यांना. मी रुमाल हातावर टाकला, सरबताच्या ग्लासात घोटभर ओतली आणि कमरेत वाकून तुमच्यापुढे धरली. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही वाइन तोंडाला लावलीत. ती कशी लागायला हवी हे तुम्हाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं, आणि मला ते ठाऊक होतं. तुमचा चेहरा आक्रसला. तरी तुम्ही मान हलवलीत, "एक नंबर!" मग मी साहेबांचा ग्लास काठोकाठ भरला.

साहेबांनी घोट परत ग्लासात थुंकला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हा सिरका आहे. बाबांना आवडला, त्यांना कांद्यावर घालून द्या." त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. नंतर साहेब पुन्हा आले नाहीत, आणि तुम्ही शोकेसची ती जागा रिकामीच ठेवलीत.

आई अजून म्हणते, "उनच लई होतं बाप्पा, पोरगा काय करंन?" तिला असंच वाटत राहू दे. म्हणून हा कागद मी आज फाडणार आहे. फाडण्याआधी एवढंच लिहितो, की त्या दिवशी माझ्या बॅगेत दुसरी, चांगली बाटली होती. तुमच्या साहेबांसाठीच आणली होती. तुम्ही "वाढ गा" म्हणेपर्यंत मी तीच काढणार होतो.