हिरवी हातोडी

४ मार्च, मंगळवार
प्रवाळांच्या पेटीतली घाण फेस करून काढणाऱ्या यंत्राचा पेला उपसला. आठवडाभरात साचलेला हिरवट-काळा चिखल, कुजक्या अंड्यांचा वास. बावीस वर्षं हे करतो आहे, तरी मोरीत ओतताना आज तोंड फिरवावं लागलं. समुद्र इथून हजार मैलांवर. मी नेब्रास्काच्या मक्यात, तळघरात, पिशवीतलं मीठ कालवून समुद्र करतो — आणि त्याची घाण हातांनी काढतो! बायको, आर्डिस, जिन्यावरून ओरडली, "ते हात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊ नकोस!"

हातोडीची, म्हणजे माझ्या हिरव्या प्रवाळाची, तोंडं मोजली; फांदीगणिक एक. सोळा. सतरा होती! एक फांदी बुडाशी मोडलेली — स्वच्छ, कडक् करून मोडावी तशी.

परवा रविवारी ड्वेन आला होता, माझ्यासारखाच प्रवाळं पाळणारा. दुसरं कुणीही तळघरात उतरलेलं नाही.

५ मार्च, राखेचा बुधवार
कपाळावर राख लावून घेतली आणि मनात ड्वेनला चोर म्हणत बसलो. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासाची सुरुवात छान झाली.

६ मार्च
हे लिहून मोकळा होतो. हातोडी आमच्या चर्चच्या पास्टर एवाल्ड यांनी दिलेली. तेव्हा ती अंगठ्याएवढी, एका तोंडाची होती. हिरवी, हलणाऱ्या बोटांच्या टोकांना फिकट हातोड्या, म्हणून हे नाव. देताना म्हणाले होते, "पोरा, वाढली की एक तोंड दुसऱ्याला दे. तुझी पेटी मेली तर त्याच्याकडे मागता येईल." आमच्या प्रवाळ पाळणाऱ्यांच्या मंडळात सगळेच तसं करतात. मी केलं नाही. कुणाला द्यायची? ड्वेनला? तो प्रवाळं कापतो, त्यांना आइस्क्रीमसारखी नावं देतो आणि तोंडागणिक विकतो. पाचदा मागितली त्याने. पाचदा सांगितलं, पास्टरांची वस्तू बाजारात जायची नाही.

पास्टर आता वृद्धाश्रमात आहेत. तीस तारखेला पंच्याऐंशी पूर्ण. नजर जवळजवळ गेली आहे. "तो हिरवा रंग तेवढा अजून दिसेल बघ," म्हणाले. काचेच्या लहान पेटीत घालून घेऊन येईन, असा शब्द दिला आहे.

८ मार्च, शनिवार
आणखी तीन तोंडं गेली. ही मोडलेली नाहीत, कुरतडलेली आहेत. आणि ड्वेन तर इकडे फिरकलाही नाही.

११ मार्च, मंगळवार
पहाटे, पेटीचे दिवे लागायच्या आधी, लाल विजेरी घेऊन बसलो. खडकाच्या भोकातून तो निघाला. किडा! बोटाएवढा जाड, तेलकट जांभळा, दोन्ही बाजूंना केसांसारखे पाय. हातभर बाहेर आला तरी संपेना. हातोडीचं एक तोंड जबड्यात धरलं आणि ओढत आत नेलं. अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही.

आला कुठून? जानेवारीत मासे-प्रवाळांचं एक दुकान बंद झालं, तिथला खडक मी फुकट उचलला. नवा खडक सहा आठवडे वेगळ्या बादलीत ठेवावा, हे मंडळात सगळ्यांना सांगत फिरतो तो मीच. हा खडक मात्र त्याच दिवशी पेटीत टाकला. दिसायला सुंदर होता ना!

किड्याची किळस जास्त की माझी, सांगता येत नाही.

१२ मार्च, बुधवार
चर्चमध्ये सूपचं जेवण. ड्वेनला बाजूला घेतलं. "मी तुझ्यावर चोरीचा संशय घेतला होता. किडा निघाला. मला माफ कर."

तो हातातल्या दालचिनीच्या रोलकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला. रोल तसाच टाकून घरी गेला.

१५ मार्च, शनिवार
नळीत कोळंबीचं आमिष घालून किडा बाहेर काढला, चिमट्यात धरला आणि ओढला. रबरासारखा ताणला — आणि तुटला. दोन हात लांब तुकडा बादलीत वळवळतो आहे. उरलेला खडकात.

आर्डिसने बादलीत डोकावून बघितलं. "रात्रीच्या शेवया मी खाणार नाही," म्हणाली.

१७ मार्च
खडकातला अर्धा मेला आणि कुजला. पाणी गढूळ. तीनदा बदललं. हातोडीच्या उरलेल्या तोंडांवर तपकिरी शेंबूड आला आहे. नळीने ओढला तर खाली मांस नाही, नुसता सांगाडा.

१९ मार्च
एकही उरलं नाही.

२२ मार्च, शनिवार
वृद्धाश्रमातून परिचारिकेचा फोन. "पास्टर रोज विचारतात, किती दिवस राहिले?" मी म्हटलं, आठ. खोटं बोललो नाही, खरंही बोललो नाही. प्रार्थनेला बसतो, पण हातांना अजून तोच वास येतो. दुसऱ्याच्याच हातांची घाण बघत राहिलो — आता हातोडी कुणाकडे मागू? मी कुणाला दिलीच नाही.

२६ मार्च, बुधवार
ड्वेन दारात. हातात आइस्क्रीमचा डबा.

"त्या रविवारी मोडून नेली मी. तू कॉफी आणायला वर गेला होतास तेव्हा."

डब्यात हातोडी. एक तोंड, टपोरं, हिरवंगार.

"तू माझीच माफी मागितलीस, हार्लन. तेव्हापासून घास उतरत नाही."

"विकली नाहीस?"

"नाव ठेवलं होतं. विकली नाही."

मारावासा वाटला. डबा घेतला. आभार मानले नाहीत.

३० मार्च, रविवार
पेटी धरायला दुसरा माणूस लागतो म्हणून ड्वेनला सोबत नेलं. पेटी खोलीत ठेवली आणि त्याला म्हटलं, तू गाडीतच बस.

निळा दिवा लावला. पास्टरांनी काचेला नाक लावलं. "दिसते रे!" बराच वेळ बघत होते. मग विचारलं, "एकच तोंड?" मी सगळं सांगितलं. ड्वेनची चोरी जरा जोर देऊनच सांगितली.

पास्टरांनी काचेवरून नाक काढलं. मग म्हणाले, "ओमाहाच्या डॉक्टरांनी ही मला दिली, असं मी सांगायचो ना? दिली नव्हती. ते कॉफी आणायला गेले आणि मी मोडली. कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत घालून खिशात टाकली. महिन्याभरात त्यांची पेटी मेली. मला फोन करून रडले. मी नुसतं ऐकून घेतलं."

मी खाली गेलो. गाडीच्या काचेवर टकटक केलं.

"आत ये," म्हटलं. "आहेस तसाच ये. हात धुवायला नकोत."