त्र्यंबकरावांची फॅमिली

२ जानेवारी १९७४
गाव नवीन, नाव नवीन. कोल्हापुरात मी त्र्यंबकराव. गारगोटीचं विसरायचं. बायको उलट बोलायची, पोरगा खोटं. दोघांचं करायचं ते केलं. लोक म्हणाले विषबाधा. माझा नाइलाज होता. यंदा माणसं पारखून घेणार.

२१ फेब्रुवारी
मिळाली. श्यामला. विधवा, शिक्षिका, आवाज खालचा. मुलगी सुनंदा, दोन घट्ट वेण्या. श्यामलाची थोरली बहीण अक्का त्यांच्याकडेच असते. तिचं ॲडजस्ट होईल.

११ मे
लग्न झालं. नियम सांगितला: जेवताना कुणी बोलायचं नाही. तिघी हसल्या. मीही हसलो.

३ जुलै
सुनंदा बाबा म्हणत नाही. म्हणे, माझे बाबा फोटोत आहेत. फोटो माळ्यावर टाकला. संध्याकाळी पुन्हा भिंतीवर. मी रागावलो नाही. फक्त कपबशी फुटली.

८ नोव्हेंबर
मंडईत चिमणाबाई दिसली, गारगोटीची शेजारीण. मी ओळख दिली नाही. अक्का मात्र मागे रेंगाळली. घरी आल्यावर म्हणाली, "पावणं, गारगोटीला ऱ्हायला हुतासा न्हवं?" म्हटलं, गाव बघितलंसुद्धा नाही. मेव्हण्याला अजून पावणं म्हणते. डिसिप्लिन नाही.

७ डिसेंबर
श्यामला शाळेत मीटिंग आहे म्हणाली आणि गेली वकिलाकडे. मी मागे होतो. खोटं. किती सांभाळून घेतलं, पण माणसं तयारच होत नाहीत. उद्या खीर करतो. औषध आणलंय. कुरुंदवाडला एक बाई आहे, दोन मुलगे, फार शांत म्हणतात.

८ डिसेंबर, संध्याकाळ
खीर वाढली. अक्का म्हणाली, "पयला घास तुमचा, पावणं."
म्हटलं, उपवास आहे.
"दुपारी मटन खाल्लासा की."
कुणी वाटीला हात लावला नाही. श्यामलानं सुनंदाला उठवून बाहेर नेलं, दाराला बाहेरून कडी घातली. अक्का समोरच बसून राहिली, मांडीवर विळी. चिमणाबाईनं सगळं सांगितलंय म्हणाली. पोलिसाला बोलवायला श्यामलाच गेलीय. भरल्या वाट्या तशाच पडल्यात. असं घर मला चालत नाही.

१० डिसेंबर
जबानी लिहायला हवालदार आकारामांनी कागद-पेन्सिल दिली. त्यांचा घरून डबा येतो. भाकरी एकसारख्या, फडकं धुतलेलं. चांगली फॅमिली दिसते. सहज विचारलं, घरी कोण कोण असतं? माणूस जेवायचा थांबला. पेन्सिल परत मागतोय.