भोकं नसलेल्या बादल्या

ता. ६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्यावरून बाबांना गॅलरीत भाज्या लावायला बसवलं खरं, पण गाडी रुळावर येत नाही. तीन बादल्या आणि एका टबात पालक, मुळा, मेथी पेरली. रोपं वर आली आणि पिवळी पडून त्यांनी माना टाकल्या. आता बाबा रोज म्हणतात, इथे काहीच रुजत नाही, मीही नाही. महिनाअखेरीस गावच्या घरी जातो. आई गेल्यापासून त्या रिकाम्या घरात ते दोनदा पडले, पण ऐकतील तर शपथ! तू त्याच गावात असलीस तरी वसतिगृहातल्या मुलींना सोडून रात्री त्यांच्यापाशी राहू शकत नाहीस. मला फार काळजी वाटते.

लोभ आहेच, उत्तर लवकर धाड.
तुझा धाकटा

ता. १२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, बादल्यांना खाली भोकं आहेत का ते बघ! बाबांसारखा जन्मभर गळती बंद करणारा प्लंबर धडधाकट बादलीला आपल्या हाताने भोक पाडेल का? मुळं पाण्यात कुजली असणार. पण त्यांना शिकवायला जाऊ नकोस. ड्रिल चालवायची भीती वाटते एवढंच म्हण. तसं ते खोटंही नाही.

शेजारचा शिंपी बाबांचं घर भाड्याने मागतो आहे. बाबा स्वतः हो म्हणेपर्यंत मी हो म्हणणार नाही.

वहिनीला आणि तुला मायेने,
ताई

ता. ३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मात्रा लागू पडली! मी ड्रिल हातात घेताच बाबांनी ती हिसकावली. भोकं पाडण्याच्या भरात हिची फरशी पुसायची बादलीही सुटली नाही. पुन्हा पेरलेला पालक जोमात आहे. मात्र गळणारं पाणी खालच्या निवृत्त नर्सबाईंच्या धुतलेल्या चादरींवर पडलं आणि त्या तणतणत वर आल्या. बाबांनी बादल्यांखाली ताटल्या ठेवल्या, माफी मागायला खाली गेले आणि त्यांचा ठिबकणारा नळ दुरुस्त करूनच परतले. आता त्यांना सगळ्या इमारतीतून बोलावणी येतात.

पण काल त्यांनी माळ्यावरून प्रवासाची बॅग काढली. विचारायचा धीर झाला नाही.

तुझ्या आशीर्वादाची गरज आहे.
धाकटा

ता. ९ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या घाबरट भावाने बॅगेचं लिहून तुझ्या तोंडचं पाणी पळवलं असेल. बादल्या भरल्या, म्हणून बॅगेत माती घालून लसूण लावलाय. पालक काढला, अर्धा नर्सबाईंना दिला. तुझ्या आईची आठवण येते. ती त्या घरात यायची तशीच इथेही येते, हे मला ठाऊक नव्हतं.

लसूण काढायला उन्हाळा उजाडेल. तोवर पाणी घालायचं काम तुझ्या भावावर सोडण्यात अर्थ नाही. तेव्हा शिंप्याला घर देऊन टाक.

तब्येत सांभाळ, आम्हाला विसरू नकोस.
बाबा