जांभळ्या टोपणाची नळी

जळगाव,
२७ जुलै २०२५

ती. रूपाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

आत्या, आजच्या जगात लॅबमधल्या शंका पोस्टाने विचारायला लावणारी तू एकटीच असशील. फोनवर भाजी काय केली, दादा कधी येतोय, हे तासभर चालतं. रक्ताचं नाव काढलं की म्हणतेस पत्र लिही. लिहितेय बाई!

बातमी अशी की आमचं हॉस्पिटल पारोळ्याला छोटी लॅब उघडतंय, आणि शेहजाद सरांनी तिथे माझं नाव सुचवलंय. सगळी जबाबदारी माझी. घरी आईने पेढे वाटले. मी मात्र माझा पेढा तसाच बशीत ठेवला. इथे मी तपासण्या करते, आकडे बघते, पण सरांनी मान हलवल्याशिवाय माझी सही होत नाही. सर जेवायला गेले तर मी रिपोर्ट समोर ठेवून त्यांची वाट बघत बसते. पारोळ्याला मान कोण हलवणार? तिथे तर पंखाच तेवढा हलेल!

म्हणून एक मागणं आहे. तुझ्या धुळ्याच्या लॅबमध्ये एक जागा रिकामी आहे असं आई म्हणत होती. मला तिथे घे ना. तुझ्या हाताखाली अजून वर्ष-दोन वर्षं काढते, मग बघू पारोळ्याचं. सरांना ऑगस्टअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय.

इथे आमच्याकडे कहकशा नावाची नवीन शिकाऊ मुलगी आलीय. तिच्याकडून नळ्यांची रंगीत टोपणं मी पाठ करून घेतली: लाल कशाला, जांभळं कशाला. हुशार आहे, घडाघडा म्हणते.

लवकर उत्तर दे. लोभ आहे हे माहीत आहे, या वेळी थोडा नोकरीच्या रूपात दिसू दे.

तुझी,
डिंपल


धुळे,
३ ऑगस्ट २०२५

चि. डिंपल हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. इकडे बठ्ठं बरं शे. माझा डावा गुडघा तेवढा रुसलाय, जिना दिसला की कुरकुरतो.

जागा रिकामी आहे, खोटं कशाला बोलू? तू येशील म्हणून मी मागच्या खोलीतली अडगळ काढली, तुझ्यासाठी एक कपाटसुद्धा आणून ठेवलंय. एकटीला शेवभाजी करायचा कंटाळा येतो गं. तू यावंस असं मला किती वाटतं, ते सांगायला लागले तर हे पत्र पुरणार नाही. ते सगळं बाजूला ठेवून विचारते: माझ्या हाताखाली वर्ष काढलंस तर काय होईल? शेहजाद सरांच्या मानेऐवजी माझी मान बघत बसशील. मान बदलेल, तू तिथेच.

फोनवर मी का सांगत नाही म्हणतेस. अगं, मी सांगितलं की तुझा विचार तिथेच थांबतो. पत्र धुळ्याला येऊन परत जाईपर्यंत तुला काहीतरी ठरवावंच लागतं. माझं उत्तर येतं तेव्हा तू तुझं उत्तर घेऊन बसलेली असतेस, म्हणून हा खटाटोप. पण एक नीट लक्षात ठेव. माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर मध्यरात्रीही फोन कर. माझा नियम रुग्णापेक्षा मोठा नाही.

नोकरीचं तू ठरव. हो म्हणालीस तर कपाट तयार आहे, आणि नाही म्हणालीस तर मी रुसणार नाही. रुसले तरी तुला कळू देणार नाही.

माझी माया गृहीत धर, उत्तर गृहीत धरू नकोस.

तुझी,
रूपाआत्या


जळगाव,
१९ ऑगस्ट २०२५

ती. रूपाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

आत्या, आधी बैस, मग वाच. गुडघ्याला तेल लावतेस ना?

गेल्या आठवड्यात शेहजाद सर पुतणीच्या लग्नाला वरणगावला गेले होते. लॅबमध्ये मी आणि कहकशा. मुक्ताईनगरकडचे एक केळीवाले शेतकरी, भाईदास आबा, चक्कर येते म्हणून भरती झालेले. त्यांचं रक्त कहकशाने आणलं. मशीनमधून आकडे आले आणि मी ते पुन्हा वाचले. पोटॅशियम जवळजवळ दहा! म्हणजे हृदय कोणत्याही क्षणी बंद पडायचं. कॅल्शियम पार तळाला. तेवढ्यात वॉर्डातून डॉक्टरांचा फोन, रिपोर्ट कुठे आहे म्हणून. सिस्टरना आकडा सांगितला तर त्या म्हणाल्या, केळीवाला माणूस, डझनभर केळी खाल्ली असतील!

सरांचा फोन लागेना. मी फोनमध्ये तुझं नाव काढलं. बोट त्यावर ठेवलं आणि मनात आलं, आत्या पहिलं काय विचारेल? विचारेल, माणूस कसा आहे? मग मी आधी वॉर्डात विचारलं. आबा उशीला टेकून बसले होते आणि चहा पांचट आहे म्हणून सगळ्यांना झापत होते. मग आत्या विचारेल, रक्त कोणी घेतलं, कसं घेतलं? मी कहकशाला विचारलं. ती म्हणाली की शीर सापडेना, लाल टोपणाच्या नळीत रक्त कमी पडलं, म्हणून जांभळ्या टोपणाच्या नळीतलं थोडं तिच्यात ओतलं.

तुला सांगायला नकोच. रक्त गोठू नये म्हणून त्या जांभळ्या नळीत जे औषध असतं, ते पोटॅशियमचंच मीठ, आणि ते कॅल्शियमलाही धरून ठेवतं. तो दहाचा आकडा आबांचा नव्हता, नळीचा होता. पण हे मला वाटतं, आणि वाटण्यावर माणूस सोडता येत नाही. मी डॉक्टरांना सांगितलं की या आकड्यावर मी सही करणार नाही, नमुन्यात गडबड दिसते, मी स्वतः येऊन पुन्हा रक्त घेते, तोवर आबांवर लक्ष ठेवा आणि ईसीजी काढा. डॉक्टर चिडले, पण ईसीजी काढला. तो नीट होता. नवीन रक्तात पोटॅशियम चारच्या आसपास निघालं. मग मी सही केली. कोणाकडेही न बघता, आत्या!

तुला फोन करायचा राहूनच गेला.

कहकशा कोपऱ्यात रडत होती, आता काढून टाकतील म्हणून. मला इतका संताप आला होता की दोन शब्द सुनावावेत असं वाटलं. मग आठवलं, टोपणं तिच्याकडून मीच पाठ करून घेतली होती. रंग सांगितले, कारण सांगितलंच नव्हतं. तिने बिचारीने रक्त वाया जाऊ नये आणि आबांना पुन्हा टोचायला लागू नये म्हणून ओतलं. संध्याकाळी दोन्ही नळ्या समोर ठेवून तिला सगळं समजावलं. सर आल्यावर त्यांना झालेलं सांगितलं, तेव्हा आधी माझं नाव घेतलं, मग तिचं. सरांनी मान हलवली, तीही मी बघितली नसती तर चाललं असतं.

मी पारोळ्याला जातेय. आणि कहकशाला मागून घेतलंय बरोबर. कपाटाचं वाईट वाटतंय गं. खूप वाटतंय.

तुझी माया आहे तशीच राहू दे, मी लांब राहिले तरी.

तुझी,
डिंपल


धुळे,
२६ ऑगस्ट २०२५

चि. डिंपल हिस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. कागद उलटून पालटून बघितला, पाकिटात हात घालून बघितला. एकही प्रश्न नाही! आजवरच्या तुझ्या पत्रांत असं कधी झालं नव्हतं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले, का ते विचारू नकोस. कपाटात आता मी पापड-कुरडयांचे डबे ठेवलेत, ते काही ओस पडलेलं नाही.

भाईदास आबांचं फार बरं केलंस. त्या मुलीचं केलंस ते त्याहून बरं. मशीन कोणीही शिकतं गं, आपल्या हाताखालच्या माणसाची चूक आपल्या अंगावर घ्यायला लवकर कोणी शिकत नाही.

आता मीच एक विचारते. गुडघ्याचं ऑपरेशन करू या म्हणतात डॉक्टर, त्याआधी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्यात. माझी लॅब जिन्याखाली आहे, तिथे सगळे माझ्याच हाताखालून गेलेले. पण माझ्या रिपोर्टवर सही तुझी हवी. मी एसटीने पारोळ्याला येते. किती वाजता येऊ, आणि निघताना चहा घेतला तर चालेल का, ते कळव.

उद्या गणपती बसतील. मोदक तुझ्या वाटचे मीच खाईन, राग धरू नकोस.

तुझी,
रूपाआत्या


पारोळा,
७ सप्टेंबर २०२५

ती. रूपाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

रविवारी बंद, सोमवारी गर्दी, म्हणून १६ तारखेच्या मंगळवारी ये, पहिल्या गाडीने. चहा चालणार नाही. घोटभरही नाही, आणि बडीशेपही नाही, तुला ओळखून आहे मी. पाणी पी. डॉक्टरांची चिठ्ठी विसरू नकोस. स्टँडवर मी येईन, गुडघा घेऊन चालत निघायचं नाही.

इथे आल्यावर तू पेशंट आहेस, हे ध्यानात ठेव. खुर्चीत गप्प बसायचं. नळी कुठली, सुई कुठली, काही सांगायचं नाही. अर्ध्या धुळ्याला टोचून स्वतःच्या वेळी डोळे मिटून घेतेस ते दादाने मला सांगितलंय, तेव्हा खुशाल मीट.

रक्त कहकशा घेणार आहे.

सही माझी.

उपाशीपोटीच यायचं, लोभ तेवढा पोटभर घेऊन ये.

तुझी,
डिंपल