हातभर फिल्म

९ मार्च

आज त्याला पडद्यामागे राहायला लागून एक्केचाळीस दिवस झाले. म्हणतो, "मी सगळे सिनेमे उलटे पाहिलेत. माझ्या जगात सगळे नायक डावखुरे!" पडद्याच्या पाठीमागून चित्र आरशातल्यासारखं दिसतं ना, म्हणून.

हाच माणूस आधी वर केबिनमध्ये मशीन चालवायचा. शहरातला सगळ्यात चांगला ऑपरेटर! मी शेजारच्या खोलीत तुटलेल्या फिल्म सांधायची. मग शहर पडलं, परके शिपाई आले आणि भिंतीवर हुकूम लागला— काळ्या लोकांनी नोंद करावी. ज्यांनी केली ते परत आले नाहीत. त्याची बहीण त्यातच गेली.

त्याचे आजोबा बोटीतून इथे आले. तो इथलाच. भाषा माझ्यापेक्षा स्वच्छ, आणि माझ्या चुका काढायची भारी हौस! दिवसभर शिपायांविरुद्ध पत्रकं लिहितो, हाताने, एकेक. मी ती फिल्मच्या डब्यांत झाकणाखाली लावते. डब्यांबरोबर ती गावोगाव जातात.

१२ मार्च

आईशी कडाक्याचं भांडण. आई आमच्याच थिएटरच्या खिडकीवर तिकिटं देते. त्याला पडद्यामागे लपवायची युक्ती तिचीच, रोजचा जेवणाचा डबाही तिच्याच हातचा. पण आज तिने मला तिथून बाहेर येताना पाहिलं, केस सुटलेले. घरी आल्यावर म्हणाली, "त्याचा जीव वाचवीन मी. जावई करून घेणार नाही."

का? तर म्हणे, "रंग बघितलास का त्याचा?"

बघितला, आई. जवळून बघितला.

मग ती रडली. मीही रडले. आधी कोण थांबणार यावरही आमची चुरस!

१३ मार्च

अबोला. त्याच्या डब्यात मात्र आज रोजच्यापेक्षा जास्त भाजी होती.

१७ मार्च

ठरलं! शुक्रवारी मॅटिनीला, सिनेमाआधीचा बातमीपट संपला की तो बाजूच्या दाराने गल्लीत उतरणार. तिथे पावाची गाडी उभी असेल. सगळं गाडीवाल्याने जमवलंय. हाच आमच्याकडे फिल्मचे डबे आणतो-नेतो, पत्रकंही पोचवतो. विचारलं, "ऐनवेळी रस्ता धोक्याचा निघाला तर?" तर हा म्हणतो, "पडदा सांगेल मला. पुढचं विचारू नकोस. तुला धरलं तर तुझ्याकडे सांगण्यासारखं काही नको." मला राग आला. माझ्या पोटात काही राहत नाही असं वाटतं की काय याला! मग त्याने माझं मनगट घट्ट धरलं, सोडेचना. माझ्यासाठी घाबरला होता वेडा.

महिन्याभरात मी त्याच्यामागे जाणार. आईला सांगितलेलं नाही, पण तिला वास लागलाय. "शुक्रवारी जाऊ दे बाई त्याला. एक दिवसही जास्त नको," असं आज दहादा तरी म्हणाली.

२० मार्च, सकाळी

डबे आले. व्हरांड्यात शिपाई उभे, म्हणून गाडीवाला आत येऊ शकला नाही. आईने खिडकीतून घेतले, मला आणून दिले आणि काही न बोलता परत गेली.

बातमीपटाच्या शेवटी हातभर फिल्म खरवडलेली. नुसती रद्दी! कापून टाकली, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून सांधा दाबला. चित्र अडखळलं की शिपाई वर-खाली धावत सुटतात. आज तरी कुणी मागे फिरकायला नको. डोळ्यांना धार लागली होती, पण हात आपलं काम करत होते. सांधा असा बसलाय की देवालाही दिसायचा नाही.

त्याला भेटून आले. आठवण म्हणून माझी कात्री मागितली. म्हटलं, "वेडा आहेस का? उद्या काम कशाने करू?" दिली नाही.

२० मार्च

गल्लीत गाडी नव्हती. शिपाई होते.

२१ मार्च

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल. मी केबिनच्या झरोक्याशी उभी होते. बातमीपट संपला. एक झटका नाही, एक उडी नाही. बाजूचं दार उघडलं, उजेडाची पट्टी दिसली, दार मिटलं. मग बाहेर आरडाओरड. त्याचा आवाज एकदाच आला. शब्द कळला नाही. माझं नाव नव्हतं, एवढं नक्की.

थिएटरात कुणी मान वळवली नाही. सिनेमा सुरू झाला. मी तो शेवटपर्यंत पाहिला! धावत गेले असते तर आई, मालक, गाडीवाला, सगळेच अडकले असते. हे सगळं खरं आहे. तरी मी गेले नाही, हेही खरं आहे.

२३ मार्च

टाकाऊ फिल्मची बादली ओतायला गेले. ती पट्टी वरच होती. उजेडात धरली.

ओरखडे नव्हते ते. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात खिळ्याने कोरलेली फुली होती. चोवीस चौकटी, चोवीस फुल्या. पडद्यावर सेकंदभर फुली दिसली असती. रस्ता धोक्याचा आहे हे त्याला कळलं असतं, आणि तो मागे बसून राहिला असता.

पडदा सांगणारच होता. मी त्याचं तोंड दाबलं. रडत नसते तर दिसल्या असत्या मला. मीच धरून दिलं त्याला, माझ्या नीटनेटक्या कामाने.

२७ मार्च

यादी लागली. आमच्याच पोस्टरच्या फळीवर, नायिकेच्या तोंडावर चिकटवलीय. सहावा तो. नावापुढे 'काळा'. त्यापुढे 'गोळी घातली'. नावात एक अक्षर चुकलंय. त्याला खपलं नसतं.

२९ मार्च

आईला सगळं सांगितलं. फुल्या, सांधा, सगळं. तिने मला पोटाशी धरलं. "तुझा दोष नाही गं, तुझा काही दोष नाही," इतक्यांदा म्हणाली की शेवटी मीच तिला गप्प केलं. यादी लागल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरलेला नाही. मला वाटायचं, हिला तो नकोच होता. इथे तिच्याविषयी काय काय लिहून बसले मी! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

४ एप्रिल

गाडीवाला आला. व्हरांडा आज मोकळा होता. आईच्या खिडकीशी उभं राहूनच मला म्हणाला, "पोरी, त्या दिवशी मी तुझ्या आईजवळ निरोप दिला होता— आज बातमीपटाला हात लावू नको म्हणून. मिळाला नाही का तुला?"

आईने मान वर केली नाही. निरोप ऐकूनच तिला कळलं असणार, की बातमीपटात धोक्याची खूण आहे, म्हणजे त्याचं त्या दिवशीचं जाणं रद्द. आणि तिला तो एक दिवसही जास्त नको होता. मरावा असं नव्हतं तिच्या मनात. नुसता जावा.

गाडीवाल्याची माणसं फितुराला सोडत नाहीत.

मी म्हटलं, "मिळाला होता. मीच विसरले."