पलंगाखालचे क्रेट

बाबा,

बाळंतपण घरीच करायचंय, दाईला वाकायला लागू नये म्हणून मी पलंगाखाली बिअरचे चार क्रेट लावले होते. त्यातले दोन तुम्ही दुकानात परत देऊन मिळालेल्या अनामतीची दारू प्यायलात, आणि दिवस भरलेली फ्रौके पलंगावरून घसरली. बाळ हलतंय म्हणते, तरी तिला तपासायला नेतोय. वर मलाच विचारता, "कानात डूल, हातात सुया, हा कसला बाप?" शी! किळस येते तुमची.

पलंग आता तुमच्या कबुतरांच्या पेट्यांवर उभा आहे. सोडलेली कबुतरं संध्याकाळी घरी येतील. तुम्ही मात्र बाळ होईपर्यंत फ्रानेकर गावी आत्याकडे राहा. बॅग दारात ठेवलीय. बाहेर वारा आहे, बॅगेवरची टोपी घालून जा. मीच विणलीय.

वीत्से